गाणे नसलेली तबकडी

तबकडीवर गाणे असते हे सांगावयास शाळामास्तर कशाला हवा? ज्यांच्या आजोबांच्या माजघरात कर्ण्याचा फोनो होता, त्यांना तर हे जन्मापासून ठाऊक. परंतु या शतकाच्या अगदी आरंभी बाजारात अशी एक तबकडी आली की तिच्यावर गाणेच नव्हते. अभंग नाही, नाट्यपद नाही, नक्कल नाही, भाषण नाही. नुसती लावून ऐकावी तर एकाच सुरातली कर्कश शिट्टी, पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत. तरीही जगभरच्या वादकांनी ती पैसे मोजून घेतली, आणि तिच्यावर हात ठेवून ते हजारो माणसांना रात्ररात्र नाचवू लागले.

ही काय भुताटकी, ते सांगण्याजोगे आहे. कारण तिच्या पोटात एक जुना तंटा दडलेला आहे. यंत्र वाजत असताना माणूस वाजवतो काय? हल्ली रंगमंचावर लॅपटॉप उघडून उभा राहणारा तरुण दिसला की हा तंटा नव्याने पेटतो. जाणती मंडळी म्हणतात, 'हा करतो काय? बटण दाबतो.' तरुण मंडळी म्हणतात, 'तुम्हांला कळत नाही.' दोघांचेही थोडे खरे आहे. पण ते कोठवर खरे आहे हे पाहावयाचे तर पन्नास-साठ वर्षे मागे जावे लागेल.

तत्पूर्वी शब्दाचा एक गोंधळ निस्तरू. आपल्याकडे 'डीजे लावला' असे म्हणतात. म्हणजे डीजे ही लावण्याची वस्तू झाली! मिरवणुकीत ट्रकवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत म्हणजे डीजे. सातारा-कोल्हापूरकडे याच भिंतीला डॉल्बी म्हणतात, आणि या नावाइतका विनोद मला दुसऱ्या कोणत्याही नावात आढळलेला नाही. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता. १९६५ साली त्याने लंडनमध्ये स्वतःची कंपनी काढली, ती ध्वनिफितीवरची नकोशी खरखर कमी करण्याच्या एका युक्तीच्या बळावर. जो गृहस्थ खरखर कमी करून मोठा झाला, त्याचेच नाव आम्ही घराच्या तावदानांना कापरे भरवणाऱ्या भिंतीला दिले. २०१३ साली तो वारला. असो. डीजे म्हणजे मूळचा 'डिस्क जॉकी', तबकड्यांचा स्वार. अमेरिकेतील रेडिओवर तबकड्या लावणाऱ्या निवेदकाला हे नाव १९४० च्या सुमारास पडले. म्हणजे डीजे हा माणूस आहे, आणि प्रस्तुत लेख त्या माणसाविषयी आहे.

या स्वाराने घोडा खऱ्या अर्थाने हाताखाली आणला तो न्यूयॉर्कमध्ये. १९७० च्या आगेमागे तेथे सँक्च्युअरी नावाचे एक नाचघर होते. इमारत पूर्वी चर्चची. नाव त्यावरूनच पडलेले. तेथे फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण तबकड्या लावीत असे. तोपर्यंत रीत अशी होती की गाणे संपले की क्षणभर शांतता, नाचणारे थबकत, काही पाणी पिण्यास जात, मग दुसरे गाणे. ग्रासोने दोन यंत्रे शेजारी ठेवली. एका यंत्रावरचे गाणे सभेला ऐकू येत असता दुसऱ्यावरचे तो स्वतः कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ऐके, दोहोंची लय जुळवी, आणि मग पहिल्यातून दुसऱ्यात असा अलगद शिरे की नाचणाऱ्यांचा पाय ठोक्यावरून सुटत नसे.

लय जुळवणे हे ऐकावयास सोपे आहे. समजा एका गाण्याची गती मिनिटाला १२५ ठोके आणि दुसऱ्याची साडेएकशेपंचवीस. फरक अवघा अर्ध्या ठोक्याचा. पण एक मिनिट सरता सरता एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध येऊन पडतो, आणि उधळलेल्या जोडीच्या टांग्यासारखा आवाज होतो. म्हणून कानाने फरक हेरावयाचा, बोटाच्या टोकाने तबकडीची कड किंचित ढकलावयाची किंवा किंचित अडवावयाची. आणि हे सगळे गर्दीत, अंधारात, एका कानाने आतले व दुसऱ्याने बाहेरचे ऐकत.

या कामाला योग्य यंत्र दिले ते जपानच्या मात्सुशिता कंपनीने. तिचे टेक्निक्स एसएल-१२०० हे फिरते पाट १९७२ साली घरात बसून गाणी ऐकणाऱ्यांसाठी निघाले. त्यात पट्टा नव्हता. मोटर थेट पाटाला जोडलेली, त्यामुळे हाताने थांबवून सोडले तरी पाट पुन्हा झटकन गती घेई. १९७९ च्या सुधारित यंत्रात गती आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करणारी सरकपट्टी आली, आणि तेव्हापासून हे यंत्र डीजेंचे तानपुरे-तबले सारे काही झाले. मात्र एक पंचाईत होती. पेटी वाजवणाऱ्या वाचकांना ती लगेच कळेल. तबकडीचा वेग सहा टक्के वाढवला की सूरही सुमारे अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गायिलेले गाणे काळी एकमध्ये जाते. गाणारीचा गळा वर सरकतो, आणि फार ताणले तर ती चिमणीसारखी चिवचिवू लागते. लय हवी तर सुराला मुकावे लागे. हे लक्षात असू द्यावे. पुढे संगणकाने काय केले ते त्यावरून उमजेल.

इकडे त्याच शहराच्या ब्राँक्स भागात, गरिबांच्या वस्तीत, वेगळेच घडत होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या एका कुटुंबातील मुलीने शाळा उघडण्यापूर्वी कपड्यांना पैसे जमावेत म्हणून इमारतीच्या सभागृहात नाचाची मेजवानी ठेवली, आणि तबकड्या लावावयास आपल्या भावाला बसवले. हा भाऊ म्हणजे कूल हर्क. गाण्यात मधे गायक थांबून नुसता ताल उरतो तो तुकडा आला की पोरे बेफाम नाचतात, हे त्याने हेरले होते. तुकडा काही सेकंदांचा. म्हणून त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेतल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा, तोवर पहिली उलटी फिरवून पुन्हा मूळ जागी. काही सेकंदांचा ताल हवा तितका लांबला. हिप-हॉप नावाचे सारे संगीत या एका युक्तीतून वाढले.

ग्रँडमास्टर फ्लॅश या त्याच्या पाठोपाठच्या वादकाने तबकडीवर खडूने खुणा केल्या. तबकडी घड्याळाच्या तबकडीसारखी मानून, कोणत्या अंशावर ठोका येतो ते तो पाहून ठेवी. थिओडोर नावाच्या कोवळ्या पोराची गोष्ट तर त्याहून गोड आहे. तो स्वतः सांगतो की आवाज कमी कर म्हणून आई दारात येऊन रागावू लागली. त्याने गाणे न थांबवता तबकडी हाताने दाबून धरली, तर हेडफोनमध्ये खर्र-खर्र असा तालबद्ध नाद आला. आईचे बोलणे संपेपर्यंत पोराला नवे वाद्य सापडले. स्क्रॅच म्हणून जो प्रकार पुढे जगभर गेला, तो हा.

पाहा, तबकडी हे दुसऱ्याचे गाणे साठवण्याचे भांडे. पण या मंडळींनी त्याचे वाद्य केले. वाद्य केले म्हणजे काय केले? चूक होण्याची सोय केली. बोट किंचित चुकले तर शंभर माणसांना कळते. माझ्या मते वाद्याचे हेच लक्षण आहे.

तसे पाहिले तर या सर्वांआधी हा शोध पॅरिसमध्ये एका रेडिओ-अभियंत्याने लावला होता. पिएर शेफर त्याचे नाव. १९४८ साली त्याने बातिन्योल स्थानकात जाऊन आगगाड्यांच्या शिट्ट्या, चाकांचे खडखडाट, वाफेचे फूत्कार तबकड्यांवर टिपले, आणि त्यांची मांडणी करून एक रचना तयार केली. ती ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच रेडिओवर लागली. त्याची एक युक्ती अशी की तबकडीवरची रेघ आत न जाता वर्तुळात बंद करावयाची. सुई त्याच फेऱ्यात फिरत राही आणि तोच ध्वनी पुनःपुन्हा येई. आजची मुले ज्याला 'लूप' म्हणतात, ती ही बंद रेघ. पण शेफरचे काम प्रयोगशाळेतले. त्यावर कोणी नाचले नाही. ब्राँक्समधल्या पोरांनी तीच गोष्ट भुकेपोटी केली, आणि मला ती अधिक मोलाची वाटते.

आता दुसरा धागा. १९५७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने संगणकाला आकड्यांतून नाद घडवावयास लावणारी आज्ञावली लिहिली. तिच्यावर त्याच्या सहकाऱ्याने जी पहिली रचना केली ती अवघ्या १७ सेकंदांची. खोली भरून राहणाऱ्या आयबीएमच्या यंत्राने आकडे मांडावयाचे, ते चुंबकीय फितीवर उतरवावयाचे, आणि ती फीत दुसऱ्या ठिकाणी नेऊन आकड्यांचा आवाज करावयाचा. वाजवणारा आणि वाजणे यांच्यामध्ये मोटारीचा प्रवास! अशा यंत्रावर जलसा कसला करणार? लॅपटॉपची कथा म्हणजे हे अंतर कमी होत जाण्याची कथा. सीडीवर एका सेकंदाच्या नादासाठी प्रत्येक बाजूला ४४,१०० नोंदी असतात. आजचा लॅपटॉप त्यांतल्या पाचशेबारा नोंदी ओंजळीत गोळा करतो आणि बाहेर सोडतो. ओंजळ भरण्यास सेकंदाचा सुमारे ८६ वा भाग लागतो. एवढा उशीर कानाला जाणवत नाही. ओंजळ मोठी केली तर बोट दाबल्यावर आवाज मागाहून येतो, फार लहान केली तर यंत्राची दमछाक होऊन आवाज तुटतो. लॅपटॉपवर वाजवणाऱ्याला पहिली तडजोड येथे करावी लागते.

तर अशी ही दोन माणसे एकमेकांकडे चालत आली: एक तबकड्या फिरवणारा, एक आकडे मांडणारा. त्यांची गाठ पडण्याचे कारण अगदी घरगुती होते. पाठ दुखणे! बारा इंची शंभर तबकड्या म्हणजे वीस-पंचवीस किलोचा बोजा. रात्रभराला दोन पेट्या तरी लागत. विमानात त्या हरवत, फुटत, चोरीस जात. उलट १९९५ नंतर एमपी३ या युक्तीने गाणे मूळच्या दहाव्या हिश्शात मावू लागले. हजार गाणी लॅपटॉपच्या कोपऱ्यात बसत. पण तबकडीवाल्याच्या बोटांना लॅपटॉपवर धरावयास काही नव्हते. पंधरा वर्षे कमावलेला हात उंदराएवढ्या माऊसवर कसा चालणार?

ॲम्स्टरडॅममधील काही तंत्रज्ञांनी तोडगा काढला. त्यांचे 'फायनल स्क्रॅच' हे साधन रिची हॉटिन व जॉन ॲक्वाव्हिवा या कॅनडातल्या दोन नामांकित वादकांनी प्रथम उचलून धरले. पुढे २००४ साली न्यूझीलंडच्या सेराटो कंपनीने रेन या अमेरिकन कंपनीच्या साह्याने आपले साधन आणले, आणि ते घरोघर नव्हे तरी नाचघरोनाचघर गेले. गाणे नसलेली तबकडी ती हीच.

तिची करामत अशी. तबकडीवर एकच सूर भरलेला. सेराटोच्या तबकडीवर सेकंदाला हजार कंपनांचा. सुई तो लॅपटॉपला ऐकवते. तबकडी वेगाने फिरली की सूर चढतो, मंदावली की उतरतो. त्यावरून लॅपटॉपला वेग समजतो. डाव्या व उजव्या बाजूला तोच सूर, पण एक दुसऱ्याच्या पाव आंदोलन मागे ठेवलेला. पुढे कोण आहे हे पाहून तबकडी सुलट फिरते की उलट ते कळते. शिवाय सुरात एक बारीक खूण गुंफलेली असते. तिच्यावरून सुई तबकडीच्या कोणत्या भागात आहे हे उमगते. सुई उचलून पुढे ठेवली की गाणे पुढे जाते. वादक तबकडी हाताने मागेपुढे घासतो, लॅपटॉप आपल्या पोटातले गाणे तंतोतंत तसेच मागेपुढे घासून सभेला ऐकवतो. सभेला वाटते, गाणे तबकडीत आहे. तबकडी मात्र लगाम आहे, घोडा लॅपटॉपमध्ये.

त्या वेळी पुष्कळांनी याची थट्टा केली. मोटार मिळाल्यावर तिच्यापुढे बैल जुंपण्याचा हा प्रकार, असे म्हणणारे म्हणाले. मला तसे वाटत नाही. यंत्राला तबकडीची गरज नव्हती हे खरे, पण हाताला होती. जुन्या हाताची विद्या फुकट न घालवता तिला नव्या घरात जागा देणारे शोध फार थोडे असतात. बहुतेक शोध आधी हात मोडतात आणि मग त्याला नोकरी शोधावयास सांगतात.

२००१ साली आणखी एक गोष्ट झाली. बर्लिनमध्ये गेरहार्ड बेहलेस व रॉबर्ट हेंके या वादकांच्या मंडळींनी 'एबलटन लाइव्ह' ही आज्ञावली काढली. तिने ती जुनी पंचाईत सोडवली: गाण्याची गती बदला, सूर जागचा हलत नाही. काळी एकचा प्रश्न मिटला. त्याच सुमारास डीजेंच्या आज्ञावल्यांत 'सिंक' नावाचे बटण आले. ते दाबले की दोन गाण्यांची लय यंत्र आपणच जुळवते. ग्रासोने वर्षानुवर्षे घासून मिळवलेली विद्या एका बटणात! येथे मात्र चूक होण्याची सोयच काढून घेतली गेली, आणि तंटा पेटला.

पेटण्यास आणखी सरपण होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून व्हिएन्ना, बर्लिन, टोकियो येथे नुसत्या लॅपटॉपचे जलसे होऊ लागले होते. मेज, त्यावर लॅपटॉप, त्याच्या उजेडात निळसर दिसणारा एक चेहरा. चेहरा गंभीर. हात दिसत नाहीत. प्रेक्षक कुजबुजत की हा वाजवतो आहे की पत्रांना उत्तरे लिहितो आहे? २०१२ साली डेडमाउस या नावाने गाजलेल्या कॅनेडियन वादकाने तर स्वतःच लिहून टाकले की मोठ्या रंगमंचावरचे आम्ही सारे 'प्ले'चे बटणच दाबतो. माझे कसब घरी बसून गाणे रचण्यात आहे, ते तेथे पाहा. दिवे, पडद्यावरची चित्रे आणि गाणे एकमेकांशी सेकंदाबरहुकूम बांधलेले असतील तर रंगमंचावर ऐनवेळी बदलणार काय, असा त्याचा रोकडा हिशेब होता. व्यवसायबंधू चिडले. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला. मात्र 'आम्ही सारे' हे त्याचे म्हणणे मला मान्य नाही.

याच्या नेमके उलट टोक २००४ साली हँबर्गमध्ये जमलेल्या काही मंडळींनी गाठले होते. त्यांनी टॉपलॅप नावाची संघटना काढली. त्यांचा आग्रह असा की लॅपटॉपवर वाजवणाऱ्याने आपला पडदा सभेला दाखवावा. ही मंडळी सभेसमोरच आज्ञावली लिहितात. लिहिलेली ओळ मागे भिंतीवर उमटते आणि तिचा नाद ऐकू येतो. ओळ चुकली तर गाणे सर्वांसमक्ष कोसळते. गणिताच्या शिक्षकाने फळ्यावर उदाहरण सोडवावे तसा हा जलसा. फळ्यासमोर अनेक वर्षे उभा राहिलेला माणूस म्हणून मला या लोकांविषयी सहानुभूती आहे. वर्गाला उत्तर नको असते. मास्तर कोठे अडखळतो ते पाहावयाचे असते.

पण दिसणारा हात हाच कलेचा पुरावा मानावा का? आपला कीर्तनकार घ्या. आख्यान ठरलेले, अभंग पाठ, साथीला पेटी-तबला नेहमीचा. तरीही बुवा समोरच्या बाया-बापड्यांकडे पाहून पूर्वरंग आखडता घेतात, एखादा दृष्टान्त लांबवतात, पेंगणाऱ्याला जागे करण्यासाठी मधेच गजर घेतात. ही निवड डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या डीजेचे खरे काम हेच. ठोके बटणाने जुळतील. पण समोरची माणसे दमली आहेत की रंगली आहेत, आता वेग चढवावा की श्वास घेऊ द्यावा, हे कोणतेही बटण सांगत नाही.

याचा दाखला आपल्या दाराशी आहे. गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर परदेशी भटक्यांच्या ज्या रात्रभरच्या मैफली १९८० च्या दशकात भरत, तेथे तबकड्या चालत नसत. उन्हाने त्या वाकत, वाळूने खरवडत. म्हणून तेथले वादक कॅसेटवर आणि १९८७ नंतर सोनीच्या डॅट नावाच्या अंकीय फितींवर गाणी आणीत. म्हणजे अंकीय डीजेगिरी लॅपटॉपच्या कितीतरी आधी नारळीच्या बनात चालू झाली होती! डॅटच्या यंत्रावर सहसा गती बदलता येत नसे, बोट लावावयास तबकडीही नसे. लय जुळवण्याचा प्रश्नच नाही. मग वादकाजवळ उरे ती निवड: मध्यरात्री काय, पहाटे काय, सूर्य वर आल्यावर काय. १९७० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोहून येऊन तेथलाच झालेला गोवा गिल हा या मंडळींतला सर्वांत प्रसिद्ध. तो लॅपटॉपच्या जमान्यातही डॅटच्या फितींनाच चिकटून राहिला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात वारला. गोवा ट्रान्स या नावाने जे संगीत १९९० च्या दशकात युरोपभर पसरले, त्यातली गाणी लांबलचक, आणि आरंभी-शेवटी हळूहळू उलगडणारी असतात. किनाऱ्यावरच्या साधनांची अडचण त्याला एक कारण झाली, असे मला वाटते.

आणि मुंबई. हे प्रकरण मात्र मनाला चटका लावणारे आहे. चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वर्षानुवर्षे गिटार वाजवणारे वादक. नव्या यंत्रांची त्यांना हौस. रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे त्यांनी मिळवली: ताल देणारे टीआर-८०८, खर्जाची साथ करणारे टीबी-३०३, आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. ही तिन्ही एकमेकांना जोडून १९८२ साली त्यांनी भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी एचएमव्हीने काढली. कोणी फारशी विचारली नाही.

टीबी-३०३ हे मुळात एकट्या गिटारवाल्याला साथीचा खर्ज मिळावा म्हणून केलेले खोके. त्या कामात ते पार फसले, आणि १९८४ साली कंपनीने ते बंद केले. पण त्याला एक खोड होती: एका स्वरावरून दुसऱ्यावर ते घसरत जाई. डिस्कोवाल्याला ती खोड वाटली असेल. ज्याच्या कानात मींड आहे त्याला ती देणगीच. १९८७ साली शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने जुन्या बाजारात पडेल किमतीला मिळणाऱ्या त्याच खोक्यातून 'ॲसिड हाउस' नावाचे संगीत काढले, आणि युरोप वेडा झाला. २०१० साली एका डच संग्राहकाने चरणजितसिंगांची तबकडी पुन्हा काढली तेव्हा लोक थक्क झाले: हे तर पाच वर्षे आधीचे! मग काहींनी त्यांना ॲसिड हाउसचे जनक ठरवून टाकले. हे मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी मुंबईची तबकडी ऐकल्याचा काडीइतका पुरावा नाही. एकाच खोक्यातून दोन गावांत दोन माणसांनी सारखा आवाज काढला. एकाला बाजार मिळाला, एकाला मिळाला नाही. सत्तरी ओलांडल्यावर चरणजितसिंगांना युरोपातून जलशांची आमंत्रणे आली, तरुण पोरे त्यांच्या तोडीवर नाचली, आणि २०१५ च्या जुलैत ते मुंबईत वारले.

चटका बसतो तो आणखी एका कारणाने. ज्या वाद्यवृंदातून ते आले तो वाद्यवृंद पुढे अशाच यंत्रांनी संपवला. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी व संयोजकांनी घडवलेले ते साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वादकांचे ताफे १९९० च्या दशकात आटत गेले; एक माणूस, एक सिंथेसायझर आणि एक संगणक एवढ्यात काम भागू लागले. व्हायोलिने पेट्यांत गेली. लॅपटॉपवाल्या तरुणाला कलावंत म्हणावे असे मी म्हणतो तेव्हा या वादकांचा भाकरीचा प्रश्न मी विसरत नाही. लग्नात सनईवाल्याच्या जागी सनईची ध्वनिफीत आली तेव्हाही हेच झाले. त्या ध्वनिफितीला मी कला म्हणणार नाही. कारण ती मंडपाकडे पाहत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या हळदीच्या आणि वरातीच्या कार्यक्रमांत लॅपटॉपवर डीजेचे काम करतो. त्याच्याशी बोलताना मला या इतिहासातली प्रत्येक पायरी पुन्हा भेटते. सिंकचे बटण तो वापरतो, पण नव्या पोरांना पहिले सहा महिने ते दाबू देत नाही. कान तयार होत नाही म्हणतो. गाण्यांची निवड आधी घरी, वधूवरांच्या गावची चौकशी करून. गाणी दोन पेन ड्राइव्हवर वेगळी, कारण लॅपटॉप नेमका नवरदेव मंडपात शिरताना रुसतो. इंटरनेट बंद, चालू कामात यंत्राने स्वतःची डागडुजी काढू नये म्हणून. जनरेटरवर अर्थिंग नीट नसेल तर ध्वनिक्षेपकातून घोंघों येते. ते आधी पाहावयाचे. आणि मिक्सरवरचा दिवा लाल होऊ द्यावयाचा नाही. लाल झाला म्हणजे आवाज वाढत नाही, फाटतो. नादाच्या लाटेचे माथे छाटले जातात. त्याच्या या शेवटच्या नियमाविषयी आमचे एकमत आहे. आमच्या गावात मात्र लाल दिवा म्हणजे पैसे वसूल अशी समजूत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला सामान्यतः बंदी आहे. आणि ती पाळताना सर्वांत अधिक त्रास होतो तो लाल दिवा न लावताही वाजवू शकणाऱ्या या मुलालाच. वरातीतले लोक त्याला म्हणतात, 'पैसे घेतोस, आवाज कुठाय?'

गेल्या वर्षी त्याने जुनी दोन टेक्निक्स यंत्रे विकत घेतली. कंपनीने ती २०१० साली बंद केली होती. मागणी आली म्हणून २०१६ पासून नवी पुन्हा निघू लागली. त्याच्याजवळ गाण्यांच्या तबकड्या नाहीत. गाणे नसलेल्या दोन आहेत, त्या त्याने मला दाखवल्या. त्यांच्या एका भागात रेघा पांढुरक्या झाल्या होत्या. घासण्याचा सराव तो तेथेच करतो, त्यामुळे सुईने तेथला सूर खाल्ला आहे, आणि त्या जागी आले की लॅपटॉप गोंधळतो. नव्या तबकड्या मागवल्या आहेत, म्हणाला. तोवर पलीकडच्या अंगावर भागवतो आहे.